तुमचे कांतोकु, इराचा कोच

काका,

आपला वाद मिटला नाही. अकरा वर्षं तो चालू होता. हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या बसल्याही तुम्ही मला एक मुद्दा ऐकवलात आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण भेटायची वेळ संपल्याचं नर्स दुसऱ्यांदा सांगून गेली, म्हणून म्हटलं, येत्या शनिवारी बोलू. शनिवार आला तोवर तुम्ही वाद घालण्याच्या पलीकडे गेला होतात.

परवा मिचिको काकूंनी मला विचारलं, "तुम्ही दोघं एवढं कशावरून भांडायचात?" मी म्हटलं, "फुटबॉलच्या कोचवरून." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, मला नेमका जपानी शब्द आठवला नसावा. पन्नास वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांच्यासमोर मराठीत भांडलात ते फक्त माझ्याशी, आणि त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही. म्हणून हे लिहितेय. तुम्हाला लिहितेय, पण जपानीत करून त्यांनाही वाचून दाखवणार आहे.

आपली पहिली भेट आठवते? आम्ही टोकियोतली भारतीयांची वस्ती, हिगाशी-कसाई, सोडून कावासाकीत नुकतेच राहायला आलो होतो. तिथे लिफ्टमध्येसुद्धा मराठी कानावर पडायचं. इथे आल्यावर मी, माझा नवरा प्रशांत आणि नऊ वर्षांची इरा, एवढीच काय ती मराठी माणसं. एका रविवारी इराला घेऊन तामा नदीच्या काठावर फिरायला गेले. तिथल्या मैदानावर पन्नासेक मुलं हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर धावत होती. इरानं जपानीत विचारलं, "आई, हे लोक डोक्यावर पातेली घालून का धडकतायत?" मी मराठीत म्हटलं, "मला काय माहीत? त्यांनाच विचार."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मला विचारा की."

मी दचकून वळले. पांढऱ्या केसांचा, बैलासारख्या मानेचा एक म्हातारा बसलेला. "अमेरिकन फुटबॉल. इथं ह्याला अमेफुतो म्हणतात. चार डावांत दहा यार्ड हद्द पुढं सरकवायची, एवढाच खेळ आहे. बाकी सगळी कुस्ती." आणि मग तुम्ही इराला हाताला धरून उभं केलंत, खांदा कुठे लावायचा ते दाखवलंत. मी आपली उभीच. जपानमध्ये पाच वर्षं काढली होती, पण असं कोणी हक्कानं माझ्या मुलीचा खांदा धरून तिला काही शिकवलं नव्हतं.

तुमचं मराठी पन्नास वर्षांपूर्वीच्या मिरजेचं होतं. त्यात 'लई' होतं, 'न्हाई' होतं, पण मोबाइलला शब्द नव्हता, तिथे तुम्ही जपानी शब्द घालायचात. इंजिनिअरिंग शिकायला आलात आणि तालमीतल्या अंगामुळे पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या टीममध्ये ओढले गेलात. टीमच्या मुख्य कोचला सगळे कांतोकु म्हणायचे. तुम्हीही तेवढंच म्हणायचात, त्यांचं नाव मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. शिष्यानं नाव घ्यायचं नसतं, म्हणालात.

पहिल्या दिवसाची गोष्ट तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितली असेल. हजेरी घेताना कांतोकु तुमच्या आडनावापाशी अडले. शिंदे. जपानीत ते 'मरणं' ह्या क्रियापदाचंच एक रूप, आणि नुसतं हाक मारल्यासारखं म्हटलं तर 'मर' असं ऐकू येतं. पोरं हसायला लागली. कांतोकुंनी वही मिटली. "माझ्या मैदानावर मी कोणालाही मर म्हणणार नाही. तुझं गाव कोणतं?" तुम्ही म्हणालात, मिरज. तेव्हापासून तुम्ही मिराजु. अजूनही तुमचे सोबती तुम्हाला मिराजु-सान म्हणतात. गावाच्या नावानं हाक मारणारं कोणी परक्या देशात मिळावं, ह्याचं तुम्हाला मरेपर्यंत अप्रूप होतं.

आणि तुमच्या वडिलांची गोष्ट. ते गेल्याची तार तुम्हाला नवव्या दिवशी मिळाली. जाणं शक्य नव्हतं. हॉस्टेलच्या न्हाणीघरात तुम्ही स्वतःच वस्तरा घेऊन डोकं भादरलंत आणि सरावाला गेलात. इथे त्या काळी टीममध्ये कुणी चुकलं की डोकं भादरायचं. कांतोकुंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गुन्हा केलास?" तुम्ही म्हणालात, "वडील गेले. आमच्यात असं करतात." ते फक्त सराव सुरू करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आले ते डोकं गुळगुळीत करून. कोणाला काही सांगितलं नाही. एवढंच, की रोज त्यांच्या हातात असायची ती बांबूची छडी त्या दिवशी नव्हती.

मिचिको काकूंच्या वडिलांनी परदेशी जावई नको म्हटलं, तेव्हाही हेच कांतोकु त्यांच्या दारात तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "ह्याला मी चार वर्षं रोज पाहिलंय. तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलाला एवढं पाहिलंय का?"

अशा माणसाबद्दल मी काय बोलणार होते, काका? पण मी बोललेच. कारण तुम्ही ह्याच गोष्टींच्या जोडीला, त्याच अभिमानानं, बाकीच्याही सांगायचात. छडीचे वळ. कानाखाली बसलेल्या. पाठीवर माणूस घेऊन देवळाच्या पायऱ्या चढणं. भर उन्हाळ्यात चार चार तास सराव आणि पाण्याचा थेंब नाही. पाणी प्यायलं की अंग सैल पडतं, असं तेव्हा मानायचे.

"तो काळच तसा होता," तुम्ही म्हणायचात. "माणसाला त्याच्या काळात ठेवून बघायचं असतं, मंजिरी. आमच्या वस्तादांनीबी कान पिरगाळला की रक्त यायचं. म्हणून काय ते वाईट?"

"काळ कुठलाही असो, काका, तहान तर सारखीच लागत असेल ना?"

"तुला न्हाई कळायचं. आमच्याकडं बावीस पोरं आणि चौदा हेल्मेटं. कोळ्यांची, शेतकऱ्यांची पोरं. त्यातनं त्यांनी टीम उभी केली. आजच्या कोचला सगळं आयतं मिळतंय. आहारतज्ज्ञ काय, व्हिडिओ काय. ह्यांची नि कांतोकुंची बरोबरी कशी करायची?"

"मग करू नका. पण सगळ्यात मोठा तोच होता, असंही म्हणू नका."

"म्हणणार," म्हणायचात आणि थालीपिठाचा तुकडा मोडायचात.

इराला तुमच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही पेढे घेऊन आलात. दुधाची पावडर आटवून मिचिको काकूंनी केलेले. आणि इरा टीममध्ये ट्रेनर म्हणून जाणार, म्हणजे खेळाडूंचे घोटे बांधणं, दुखापतींवर लक्ष ठेवणं हे तिचं काम, हे कळल्यावर तुम्ही आमच्या दिवाणखान्यात उठून उभे राहिलात. पुन्हा बसलात.

टीमचा नवा कोच मात्र तुम्हाला पसंत नव्हता. कोंदो-सान. पंचेचाळिशीचा, मऊ आवाजाचा. मुलांना सांगितलं होतं, मला कांतोकु म्हणू नका, कोंदो-सान म्हणा. सराव किती वेळ, कसा, हे मुलं ठरवणार. "हा कोच आहे का हॉटेलातला वेटर?" तुम्ही म्हणालात. "ज्याला त्याला विचारत फिरतो, तुला काय पाहिजे म्हणून." मला हसू आलं, आणि इरालाही. पण त्यांचा एक नियम होता, तो तुम्हाला खरंच खटकत होता. सामना कुठलाही असो, ट्रेनरनं हात वर केला की तो खेळाडू बाहेर. कोचनंही उलट बोलायचं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो सामना झाला. जिंकले असते तर वरच्या गटात गेले असते. तुम्ही, मी आणि प्रशांत शेजारी शेजारी बसलो होतो. चार गुणांनी मागे, दोनच मिनिटं शिल्लक, आणि चेंडू आपल्याकडे. क्वार्टरबॅक हायाशी, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्यावर तो मुलगा, जोरात आपटला. उठला. हात झटकून उभाही राहिला. इरा पाण्याची बाटली घेऊन त्याच्यापाशी धावली, त्याच्या डोळ्यांत बघत काहीतरी बोलली. आणि तिनं हात वर केला.

नंतर तिनं सांगितलं की हायाशीनं तिला दोनदा विचारलं होतं, हा पहिला हाफ का दुसरा. म्हणजे डोक्याला मार बसला होता.

कोंदो-साननी फक्त एक शब्द विचारला, "नक्की?" इरा म्हणाली, "नक्की." हायाशी बाहेर आला. पहिल्या वर्षाचा एक मुलगा आत गेला, त्याचा पहिलाच पास समोरच्यांनी पकडला आणि सामना संपला. आपल्या मागच्या रांगेत बसलेले टीमचे माजी खेळाडू ओरडत होते, "त्या पोरीला कोणी विचारलं?" तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. त्यांना गप्पही केलं नाहीत.

संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे जेवायला थांबलात. इरा उशिरा आली, डोळे सुजलेले. पानावर बसली पण भात चिवडत राहिली. आणि तुम्ही, काका, ताटातली नजर वर न काढता म्हणालात, "कांतोकुंनी त्याला काढलं नसतं. आपण जिंकलो असतो."

इरा जपानीत म्हणाली, "हो, बरोबर आहे." तिनं चॉपस्टिक्स नीट जुळवून ठेवल्या, ताट बेसिनमध्ये ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली.

मग मी बोलले. तुमच्याशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. "तुमचे ते कांतोकु आज असते ना, तर तुरुंगात असते. आणि तुम्ही अजून त्यांची छडी हातात घेऊन फिरताय."

प्रशांत म्हणाला, "मंजिरी." तुम्ही उठलात. बुटाची नाडी बांधायला तुम्हाला फार वेळ लागला. मी जागची हलले नाही. एरवी तुम्ही वादातून आधी उठणारे नव्हतात, चहा गार झाला तरी बसून राहायचात. त्या दिवशी अर्धं ताट तसंच टाकून गेलात.

तीन आठवडे तुमचा फोन नाही. मी रोज ठरवायची, आज करते. ऑफिसातून परतताना तुमच्या इमारतीखालून जायची, वर दिवा दिसायचा. काय म्हणायचं तेच सुचायचं नाही. चुकलं म्हणावं तर मुद्दा चुकला नव्हता. आणि नुसतं 'कसे आहात' विचारायला लाज वाटायची.

फोन शेवटी तुम्हीच केलात. "शनिवारी मोकळी आहेस का? ओदावाराला जायचंय. मला एकट्याला न्हाई जमायचं. मिचिकोला सांगू नको."

गाडीतून समुद्र दिसायला लागल्यावर बोलायला लागलात, तेही खिडकीकडे बघत. तुम्ही तिसऱ्या वर्षाला असतानाचं उन्हाळी शिबिर. तुम्ही उपकप्तान. मैदानाच्या कडेला एक पितळी किटली असायची, त्यातलं पाणी फक्त चक्कर येऊन पडलेल्याच्या तोंडावर मारायला. किटली सांभाळायची जबाबदारी तुमची. ओकाबे नावाचा तुमच्याच खोलीतला मुलगा सरावाच्या मधेच तुमच्याजवळ आला. म्हणाला, "मिराजु, एक घोट." तुम्ही कांतोकुंकडे बघितलंत. त्यांनी मान हलवली, नाही. तुम्ही किटली मागे घेतलीत.

"अर्ध्या तासानं पडला," तुम्ही म्हणालात. "तेव्हा सगळी किटली त्याच्यावर ओतली. उठला न्हाई. जगला, पण मूत्रपिंडं गेली कामातनं. शिक्षण सुटलं. पुढच्या वर्षीपासनं कांतोकु स्वतः पाण्याची पिंपं घेऊन यायला लागले. आम्ही समजलो, नियम बदलला असंल."

"तुम्ही भेटलात त्यांना? नंतर?"

तुम्ही मान हलवलीत. पन्नास वर्षांत एकदाही नाही.

ओकाबे-सानचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, आता त्यांचा मुलगा चालवतो. ते मागच्या खोलीत बसले होते. किडकिडीत, आणि डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर. तुम्ही दारातच गुडघे टेकलेत आणि कपाळ चटईला लावलंत. एवढं थोरलं अंग, सत्तरी उलटलेली, वाकताना तुमचा श्वास मला ऐकू येत होता. ओकाबे-सान तुमच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मिराजु, ऊठ. तुझे गुडघे पूर्वीही वाईटच होते."

त्यांनी चहा दिला. मला वाटलं, आता जुन्या आठवणी निघतील, सगळं हलकं होईल. ओकाबे-सान म्हणाले, "कांतोकु यायचे, तुला माहीत आहे?"

तुम्हाला माहीत नव्हतं.

"दर वर्षी, शिबिराच्या त्याच दिवशी. दाराबाहेर उभे राहायचे. मी अकरा वर्षं दार उघडलं नाही. बाराव्या वर्षी आईनं उघडलं. मग दर वर्षी इथेच बसायचे, तू बसलायस तिथे. बोलायचो काही बाही, पावसावर, सायकलींवर. मरेपर्यंत आले. मी त्यांना माफ केलं नाही, आणि ते त्यांना सांगितलंही होतं. तरी यायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "ते येत होते. तू नाही आलास."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तिथे बसवेना. मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही फक्त "हो" म्हणालात.

मग ओकाबे-साननी विचारलं, टीम कशी आहे. तुम्ही त्यांना तो सामना सांगितलात. हायाशी, इरा, वर केलेला हात, सगळं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, ती हिची मुलगी.

"हरले?"

"हरले."

"आणि तो मुलगा?"

"बरा आहे. वर्गात जातो."

ओकाबे-साननी माझा कप पुन्हा भरला. मी नको म्हणत होते तरी भरला.

परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "मी तुला कांतोकुंचं जे सांगितलं ते खोटं न्हाई. डोकं भादरलं ते खरंच." मी म्हटलं, "माहीत आहे, काका." तेव्हाच म्हणायला हवं होतं, मी जे तुरुंगाचं बोलले ते मागे घेते. ओठांवर होतं. पण तुम्ही डोळे मिटून घेतले होते, आणि मला वाटलं, आत्ता नको.

त्यानंतरच्या महिन्यात माजी खेळाडूंची सभा झाली. कोंदो-सानना काढा, जुनी शिस्त परत आणा, असं पत्र तयार होतं, आणि सगळ्यात ज्येष्ठ म्हणून पहिली सही तुमची अपेक्षित होती. सामन्याचा अहवाल द्यायला इराला बोलावलं होतं, म्हणून तिच्याकडून मला कळलं. तुम्ही उठलात आणि ओकाबेंची गोष्ट सांगितलीत. किटली कोणाच्या हातात होती तेही सांगितलंत. मग म्हणालात, "कांतोकुंनी मला घर दिलं, बायको दिली. त्यांच्या नावानं हे पत्र कोणी लिहू नये. ते असते तर ह्या मुलीसमोर त्यांनी मान खाली घातली असती." आणि ते काम तुम्हीच केलंत. भर सभेत, सगळ्यांच्या देखत, वीस वर्षांच्या पोरीसमोर कमरेतून वाकलात.

इरा मला सांगत होती, "आई, मला काय करावं कळेना." आमच्याशी घरात कायम जपानीत बोलणाऱ्या ह्या मुलीच्या तोंडून त्या सभेत मराठी निघालं. "काका, नको ना. उठा ना." ते पत्र पुढे गेलं नाही. कोंदो-सान राहिले. घरी येऊन तुम्ही मिचिको काकूंनाही सगळं सांगितलंत. पन्नास वर्षं ज्यांच्यापासून लपवलंत, त्यांनी काय केलं, तर तुमच्या आधी फोन करून ओकाबे-सानना नवीन वर्षाच्या जेवणाला बोलावलं. तुम्ही हे मला सांगताना चिडल्यासारखं दाखवत होतात.

ते जेवण झालं नाही. त्याआधीच तुमचं पोट दुखायला लागलं आणि पुढचं सगळं फार भराभर झालं.

पण वाद तुम्ही सोडला नाहीत. मला वाटलं होतं, ओदावारानंतर तुम्ही हार मानली. हॉस्पिटलात मी जरा खुशीतच म्हटलं, "म्हणजे आता कोंदो-सान मोठे, हे मान्य?"

"कोण म्हणतं?" तुम्ही म्हणालात. नळ्या लावलेला हात वर करून. "हा चांगला माणूस आहे, ते दिसतंय. कोच कसा आहे ते आत्ताच कसं कळंल? अजून तीस-चाळीस वर्षांनी त्याच्या पोरांना जाऊन विचार, तुमचं काय झालं म्हणून. कोच किती सामने जिंकला ह्याला काय अर्थ न्हाई. त्याची पोरं म्हातारी कशी झाली ते बघायचं."

"मग तुमच्या कांतोकुंचं कोणाला विचारायचं? तुम्हाला का ओकाबे-सानना?"

"दोघांना. एकाच खोलीत बसवून."

तेवढ्यात नर्स आली. माझं उत्तर असं होतं, काका, ऐका. एका खोलीत बसवून विचारायला पन्नास वर्षं थांबावं लागू नये, म्हणून कोंदो-सानचा तो नियम आहे. पोरं म्हातारी होईपर्यंत वाट बघायची आणि मग हिशोब करायचा, हे तुमच्या काळाचं झालं. इरा त्याच क्षणी हात वर करते. माझ्या मते ह्या एका गोष्टीत आजचे कोच तुमच्या कांतोकुंच्या पुढे आहेत. आणि एका गोष्टीत मागे असतील, हेही मी मान्य करते. शिष्याच्या बापासाठी स्वतःचं डोकं भादरणारा, किंवा आपल्याला माफ न करणाऱ्याच्या दारात दर वर्षी जाऊन उभा राहणारा कोच आज कोणाला मिळेल का, मला माहीत नाही. कोंदो-सान तसे आहेत की नाही, ते त्यांच्यावर तशी वेळ आल्यावरच कळेल. ती येऊ नये. तर अर्धा मुद्दा तुमचा, अर्धा माझा. तुम्ही हे नक्कीच मान्य केलं नसतंत.

आणि तुरुंगाचं. ते माझं चुकलं. मुद्दा माझा होता, पण ते वाक्य मी तुम्हाला दुखवायला बोलले होते. ज्यानं तुम्हाला ह्या देशात नाव दिलं त्याच्याबद्दल, तुमच्या ताटासमोर. मला माफ करा.

हे सांगायलाच मी त्या शनिवारी दुपारी आले होते. मिचिको काकू दारातच भेटल्या, घाबरलेल्या. म्हणाल्या, "सकाळपासून ते फक्त मराठी बोलतायत. मला एक शब्द कळत नाही. पाणी हवंय का, दुखतंय का, काही समजत नाही. तू ऐक." तुमच्या उशाशी बसून मी कान जवळ नेला. तुम्ही मला ओळखलं नाहीत. इथे नव्हतातच तुम्ही. मिरजेच्या घरात होतात, बहुतेक आईशी बोलत होतात, लहान मुलाच्या हट्टी आवाजात. पुन्हा पुन्हा एकच. "कंदील खाली ठेव. डोळ्यांवर येतोय. कंदील खाली ठेव ना."

मी मिचिको काकूंना सांगितलं, की दिवा खाली ठेव म्हणतायत, डोळ्यांवर येतोय. त्या उठल्या, छतावरचा दिवा मालवला, पडदा ओढून घेतला. तरी तुमचं चालूच. मग त्या परत येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "ठेवला, हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, ओठ हलवून बघितले, पण ठ आणि ल त्यांच्या जिभेवर बसेनात. पन्नास वर्षांत तुम्ही त्यांना मराठी शिकवलं नव्हतंत, त्यांनीही कधी मागितलं नव्हतं. मग त्या तुमच्या कपाळावर हात ठेवून कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "तेबुरा."

तुम्ही "हां" म्हणालात, आणि कुशीवर वळलात.